उरलेल्या कामांची वही

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात अभ्यासवर्गातर्फे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात आमच्या अभ्यासवर्गाने काहीतरी उपयोगाचे बोलावे, अशी सूचना कार्यकारी मंडळाने केली. विषय आम्हीच निवडावा, असेही सांगितले. शिक्षणाचे महत्त्व, व्यसनमुक्ती, स्पर्धा परीक्षा या विषयांवर या व्यासपीठावरून अनेक जाणकारांनी आपणांस मार्गदर्शन केले आहे. आम्ही आज जो विषय घेऊन उभे आहोत तो त्यामानाने फारच साधा आहे. तो आहे आपल्या घरात, आपल्या ट्रंकेत, आपल्या टेबलाच्या खणात आणि आपल्या मनात अर्धवट पडून राहिलेल्या कामांचा.

आम्ही काही जण दर रविवारी विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता असे सर्व अर्ज त्यात येतात. या कामात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपली मुले हुशारीत कमी पडत नाहीत आणि मेहनतीतही कमी पडत नाहीत. पुष्कळदा ती अडतात ती एखाद्या अर्धवट राहिलेल्या लहानशा कामापाशी. म्हणून हा विषय घेतला.

लहान काम, मोठे नुकसान

एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही, कारण अशी घरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. मुलगा बारावी शास्त्र शाखेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. अभियांत्रिकीला राखीव जागेवर प्रवेश मिळाला. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज वर्षभर आधीच केलेला होता, म्हणजे आळस म्हणावा असे काही घडले नव्हते. मध्यंतरी पडताळणी समितीचे पत्र आले. आजोबांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जोडा, एवढेच त्यात म्हटले होते. पत्र वाचले गेले. वडील म्हणाले, गावी गेलो की शाळेतून दाखला आणतो. पत्र भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचले गेले. पुढच्या महिन्यात कॅलेंडरचे पान उलटले, पत्र मात्र तिथेच राहिले. मुदत संपत आली तेव्हा धावपळ सुरू झाली. गावची शाळा सुट्टीत बंद. कोतवाल बुकाची नक्कल मिळायला आणखी दिवस लागले. राखीव जागा गेली ती गेलीच. त्या मुलाला एक वर्ष घरी बसावे लागले.

आता हिशेब मांडून पाहा. काम किती होते? गावी एक फेरी, शाळेत एक अर्ज, एक झेरॉक्स आणि एक टपाल. फार तर दोन दिवसांचे काम. नुकसान किती झाले? एक वर्ष. आणि ज्या घरात पहिलाच मुलगा अभियंता होणार असतो त्या घरात एक वर्ष म्हणजे काय, हे या सभागृहातल्या आईबापांना आम्ही सांगायला नको.

यावरून आम्ही पहिला मुद्दा मांडतो. कामाचा आकार आणि त्याच्या परिणामाचा आकार यांचा काही संबंध नसतो. मोठ्या कामाची धास्ती असते म्हणून ते आपण विसरत नाही. लहान काम ‘काय, केव्हाही होईल’ म्हणून मागे पडते. आणि जे केव्हाही होण्यासारखे असते ते कधीच होत नाही.

अशी कामे प्रत्येक घरात आहेत. वडील वारले, पण सातबारावर वारसांची नावे लागलेली नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात द्यावयाची असते. प्रत्यक्षात कित्येक घरांत तीस-तीस वर्षे ती दिली जात नाही. मग चार भावांचे सोळा वारस होतात आणि एका सहीसाठी पुण्यापासून नागपूरपर्यंत फिरावे लागते. आजीच्या नावाचे बँकेतले खाते तसेच पडून असते. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग केली जाते. ती बुडत नाही, वारसाला नंतरही मागता येते, आणि अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळही आहे. पण मागायला कोणीतरी जावे लागते. ते ‘कोणीतरी’ कोण, हे घरात ठरलेले नसते.

काम का राहून जाते?

काम राहिले की आपण म्हणतो, माणूस आळशी आहे. आम्हांस हे पटत नाही. सकाळी सहाला कामावर जाणारा आणि रात्री आठला घरी येणारा माणूस आळशी कसा? खरे कारण असे आहे की राहिलेली सगळी कामे आपण डोक्यात साठवून ठेवतो, आणि डोके हे साठवणीचे कपाट नाही.

या विषयावर मानसशास्त्रज्ञांनी बराच विचार केलेला आहे. १९२७ साली बर्लिन येथे ब्लूमा झायगार्निक या संशोधक महिलेने एक प्रबंध प्रसिद्ध केला. माणसांना लहान लहान कामे द्यायची, काही पुरी होऊ द्यायची आणि काही मध्येच थांबवायची, असा तो प्रयोग होता. मध्येच थांबवलेली कामे माणसाला अधिक आठवतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकारी मारिया ओव्हसियान्किना यांनी असे दाखवले की अर्धवट थांबवलेले काम माणूस संधी मिळताच, कोणी न सांगता, पुन्हा हाती घेतो. गेल्या शंभर वर्षांत हे प्रयोग पुष्कळांनी करून पाहिले. २०२५ साली त्या सर्वांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की अर्धवट काम अधिक आठवते या म्हणण्याला भरवशाचा आधार नाही, पण ते पुन्हा हाती घेण्याची ओढ मात्र माणसात असते.

विद्यार्थी मित्रांनो, यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की राहिलेले काम आपोआप आठवेल, या भरवशावर राहू नये. दुसरी अशी की काम समोर आले तर ते पुरे करण्याची इच्छा आपल्यात असतेच. तेव्हा प्रश्न इच्छेचा नाही, काम समोर येण्याचा आहे. कॅलेंडरमागे गेलेले पत्र समोर येत नाही. वहीत लिहिलेले काम समोर येते.

दुसरा एक प्रयोग २०११ सालचा आहे. अमेरिकेतील मासिकाम्पो आणि बॉमायस्टर या दोघांनी तो केला. अर्धवट राहिलेले काम माणसाच्या मनात डोकावत राहते आणि हातातल्या कामातले लक्ष उडवते, हे त्यांना दिसले. पण त्याच माणसांना ते काम केव्हा, कोठे आणि कसे करणार याची नेमकी आखणी करायला लावली, तेव्हा ती टोचणी पुष्कळ कमी झाली. काम झालेले नव्हते, फक्त ठरले होते. ज्याला अभ्यासाला बसल्यावर दहा गोष्टी आठवतात, त्याने हे ध्यानात ठेवावे. त्या दहा गोष्टी कागदावर उतरवा, प्रत्येकीपुढे वार आणि वेळ लिहा, आणि मग पुस्तक उघडा.

तिसरी गोष्ट अंदाजाची. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघांनी कॅनडातील विद्यार्थ्यांना विचारले की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. सांगितलेल्या दिवसांत काम पुरे करणारे दहांत तीनच निघाले. म्हणजे हा दोष आपल्या वस्तीचा किंवा आपल्या समाजाचा नाही, तो मनुष्यस्वभावच आहे. म्हणून अर्जाची मुदत महिनाअखेर असेल तर आपल्या वहीत ती दहा तारीख लिहावी. स्वभाव बदलण्यापेक्षा तारीख बदलणे सोपे.

बाबासाहेबांचा राहिलेला अभ्यास

मोठ्या माणसांची कामे अर्धवट राहत नाहीत, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे आम्ही या दृष्टीने पाहण्याची विनंती करतो.

१९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना सर्व अर्धवट टाकून परत यावे लागले. पहिल्या महायुद्धाचा काळ होता. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीने येत होती ती बोट बुडाली. बडोद्याच्या नोकरीत जो अपमान वाट्याला आला तो आपणां सर्वांना माहीत आहे. लंडनचा अभ्यास कायमचा सुटला असे म्हणायला एवढी कारणे कोणालाही पुरली असती.

पण लंडन सोडताना त्यांनी एक काम केले होते. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. आम्हांस या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. काम थांबवणे भाग पडले, तेव्हा ते नुसते सोडून न देता त्याला मुदत घालून, परतीची वाट राखून त्यांनी थांबवले. मग मुंबईत आल्यावर १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसा शिल्लक टाकला, छत्रपती शाहू महाराजांचे आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली, म्हणजे चार वर्षांची मुदत संपण्याच्या आत, ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ साली सादर केला. परीक्षकांनी आक्षेप घेऊन तो सुधारून मागितला. तोवर पैसे संपले होते, म्हणून मुंबईला येऊन त्यांनी तो सुधारला आणि परत पाठवला. १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळाली. दरम्यान ते बॅरिस्टरही झाले होते.

कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी.ची हकिगत तर याहून बोलकी आहे. त्यासाठीचे संशोधन त्यांनी लंडनला जाण्याच्या सुमारासच केलेले होते. पण त्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर कराव्या लागत. ते काम पैशाअभावी आणि इतर व्यापांमुळे मागे राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी मिळाली १९२७ साली. ध्यानात घ्या, १९२७ हे महाडच्या सत्याग्रहाचे वर्ष आहे. चवदार तळ्याचा लढा चालू असताना दहा वर्षांपूर्वीचे राहिलेले शैक्षणिक कामही त्यांनी पुरे करून घेतले. आता याची काय गरज, असे ते म्हणाले नाहीत.

आणि तरीही त्यांची सर्व कामे पुरी झाली नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहून झाला होता, पण छापून बाहेर आलेला नव्हता. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. इतर कित्येक हस्तलिखिते अपुरी राहिली आणि बरीच वर्षे पेट्यांत बंद होती. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांचे साहित्य प्रकाशित करण्यासाठी समिती नेमली, १९७९ साली पहिला खंड निघाला आणि वसंत मून यांनी संपादनाचे काम वर्षानुवर्षे वाहिले. १९८७ साली निघालेला तिसरा खंड उघडून पाहा. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती या विषयावरची प्रकरणे त्यात आहेत. काही पुरी आहेत, काही मध्येच थांबली आहेत, काहींचा नुसता आराखडा आहे. पण आराखडा होता, टंकलिखित पाने होती, म्हणून दुसऱ्यांना ती जुळवता आली आणि आज ती आपल्या हाती आहेत.

म्हणून आम्ही म्हणतो की सर्व कामे आपल्याच हातून पुरी होतील असा आग्रह नको. पण आपल्यामागून येणाऱ्याला धागा सापडेल अशा स्थितीत ती ठेवणे, हे आपल्या हाती आहे.

वही कशी ठेवावी?

आता प्रत्यक्ष उपाय सांगतो. आमच्या रविवारच्या कामात आम्ही ही पद्धत वापरतो आणि तिचा उपयोग होतो असा आमचा अनुभव आहे. खर्च एका शंभर पानी वहीचा. मोबाईलमध्ये ठेवली तरी चालेल, पण घरातल्या सर्वांना दिसावी म्हणून आम्ही कागदाची वही पसंत करतो.

पहिल्या दिवशी घरातल्या सर्वांनी मिळून बसावे आणि राहिलेले प्रत्येक काम लिहून काढावे. लहान-मोठे पाहू नये. शिलाई मशीनचा पट्टा, थोरलीचा उत्पन्नाचा दाखला, धाकट्याचे ग्रंथालयातले पुस्तक, छपराचा पत्रा, मामांकडून आणायची कागदपत्रे, सुटलेला टायपिंगचा वर्ग, सारे लिहावे. चाळीस-पन्नास कामे निघतील. घाबरू नये. ती आधीही होतीच, आज फक्त दिसली.

मग प्रत्येक कामापुढे चार रकाने आखावेत. पहिला रकाना: पुढचे पाऊल कोणते? येथे ‘वैधता प्रमाणपत्र’ असे लिहून भागत नाही, कारण ते पाऊल नाही. ‘शनिवारी गावच्या शाळेत जाऊन आजोबांच्या दाखल्यासाठी अर्ज देणे’ हे पाऊल आहे. वाचल्याबरोबर उठून करता येईल अशा शब्दांत लिहावे. दुसरा रकाना: कोण करणार? येथे एकाच माणसाचे नाव असावे. दोन नावे लिहिली की दोघेही एकमेकांची वाट पाहतात. तिसरा रकाना: कोणत्या तारखेपर्यंत? चौथा रकाना: कोणाकडे अडले आहे?

हा चौथा रकाना विशेष महत्त्वाचा आहे. सरकारी कचेरीत अर्ज दिला म्हणजे काम झाले, असे आपण समजतो आणि ते मनातून काढून टाकतो. पण काम आपल्याकडून त्यांच्याकडे गेले एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्रात २०१५ सालापासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्ज दिला की पोच मिळते, आणि सेवा किती दिवसांत द्यावयाची ते ठरलेले असते. त्या मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते. तेव्हा पोचपावतीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख चौथ्या रकान्यात लिहून ठेवावी. त्या तारखेला कचेरीत जाऊन ‘साहेब, बघा ना’ म्हणून हात जोडण्याची गरज नाही. पावती दाखवून विचारावे. हातात क्रमांक असला की माणूस ताठ उभा राहतो.

महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचेही तसेच. अर्ज भरला म्हणजे संपले नाही. महाविद्यालयाने तो पुढे पाठवला का, त्रुटी काढून परत आला का, बँक खात्याला आधार जोडलेले आहे का, हे प्रत्येक आठवड्याला पाहावे लागते. त्रुटी काढून परत आलेला अर्ज आपण उघडून पाहिला नाही, तर तो तिथेच पडून राहतो.

आठवड्यातून एकदा, सोयीच्या दिवशी, वही उघडावी. झालेल्या कामावर रेघ मारावी, नवे काम लिहावे, अडलेल्याची चौकशी ठरवावी. वीस मिनिटे पुरतात. ही वीस मिनिटे चुकली की वहीचीही रद्दी होते.

लहान कामे लगेच, मोठी कामे मोजकी

लहान कामांसाठी एक नियम पाळावा. जे काम पाच मिनिटांत होण्यासारखे आहे ते वहीत लिहूच नये, तिथल्या तिथे उरकावे. दाखल्याचा फोटो काढून ठेवणे, एखाद्याला फोन करणे, तुटलेले बटण लावणे. लिहायला आणि पुन्हा वाचायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात ते काम होऊन जाते. मात्र अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याने हा नियम अभ्यासाच्या वेळात लावू नये. नाहीतर बटणे लागतील आणि धडा राहील. त्याने बाजूच्या कागदावर टिपून ठेवावे आणि उठल्यावर पाहावे.

मोठ्या कामांचा नियम याच्या उलट. ती एका वेळी दोन किंवा तीनच हाती घ्यावीत. इंग्रजी संभाषणाचा वर्ग, बँकेची परीक्षा, संगणकाचा कोर्स आणि वस्तीतले वाचनालय एकाच महिन्यात सुरू करणारा उत्साही तरुण आम्ही पुष्कळदा पाहतो. सहा महिन्यांनी चारही अर्धवट असतात आणि ‘आपल्याने काही होत नाही’ असा समज घट्ट झालेला असतो. हा समज त्या चार कामांपेक्षा अधिक नुकसान करतो. एक पुरे करा, मग दुसरे उघडा. आणि मोठे काम थांबवताना, ते एका दिवसासाठी असो की एका वर्षासाठी, कोठे थांबलो आणि पुढे काय करायचे ते दोन ओळींत लिहून ठेवा. पुन्हा बसाल तेव्हा सुरुवात शोधण्यात अर्धा दिवस जाणार नाही.

काही कामे सोडून देणे हेही शहाणपणाचे असते. पाच वर्षांपूर्वी घ्यायची ठरवलेली बाजाची पेटी, ज्या परीक्षेचे वय निघून गेले ती परीक्षा, यांवर विचारपूर्वक रेघ मारावी आणि पुढे ‘सोडले’ असे लिहावे. विचार करून सोडलेले काम मनाला टोचत नाही. न करता, न सोडता ठेवलेले काम टोचत राहते.

ज्यांना वेळच मिळाला नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सर्वच अर्धवट कामांचे कारण वही नसणे हे नाही. आपल्या घरातल्या आयाबहिणींची सर्वांत मोठी अर्धवट कामे आपण कधी वहीत लिहिलेलीच नाहीत. नववीत शाळा सुटली. दहावीला बसायचे राहून गेले. शिवणाचा डिप्लोमा लग्नामुळे सुटला. त्यांना वेळेचे नियोजन शिकवण्यापूर्वी त्यांना वेळ मिळतो का, हे घरातल्या पुरुषांनी पाहिले पाहिजे. दहावीला खाजगीरीत्या बसण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. पुढच्या शिक्षणासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून आहे. म्हणजे वाट आहे. पण रोज संध्याकाळचा एक तास स्वयंपाकघरातून कोणी सोडवून द्यायचा, हे त्या कामाचे पहिले पाऊल आहे, आणि त्या रकान्यात नाव तिचे नव्हे, तर घरातल्या दुसऱ्या कोणाचे तरी लिहायला हवे.

तसेच आपल्या वडीलधाऱ्यांचे. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे प्रत्यक्ष हजर होते, ते त्या वेळी वीस वर्षांचे असतील तर आज नव्वदीच्या घरात आहेत. पुष्कळ जण निघून गेले. ‘एकदा सगळे लिहून काढायचे आहे’ हे वाक्य त्यांतल्या कितीतरी जणांनी म्हटले असेल. काहींनी लिहायला घेतलेही असेल. ती वही आज कोणत्या ट्रंकेत आहे, हे नातवंडांनी पाहावे. जे हयात आहेत त्यांच्याजवळ बसून मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे, गावाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. कारण यात मुदतीची तारीख कोणत्याही पत्रात छापून येत नाही.

समारोप

पाली भाषेत ‘अप्पमाद’ असा एक शब्द आहे. धम्मपदातील दुसरा वग्ग त्याच नावाचा आहे. अप्पमाद म्हणजे गाफील न राहणे, जागरूकपणे हातातले कर्तव्य करीत राहणे. हा शब्द मोठा आहे आणि त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार आमच्यापेक्षा जाणकारांचा आहे. पण रोजच्या संसारात त्याची सुरुवात कॅलेंडरमागचे पत्र बाहेर काढण्यापासून होऊ शकते, एवढे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

आमची आपणांस दोनच विनंत्या आहेत. पहिली अशी की आज घरी गेल्यावर जेवणापूर्वी एका कागदावर पाच राहिलेली कामे लिहावीत आणि त्यांतले सर्वांत लहान काम उद्या रात्रीपर्यंत पुरे करावे. दुसरी अशी की ज्यांचे काम कागदपत्रांपाशी अडले आहे त्यांनी संकोच न करता रविवारी सकाळी आमच्याकडे यावे. येताना आलेले पत्र, पोचपावती आणि जुने दाखले, जे असतील ते सारे, एका पिशवीत घालून आणावेत. अपुरे असतील तरी आणावेत. अपुऱ्या कागदांसाठीच आम्ही तेथे बसलेले असतो.